नवऱ्याला तरुण दिसायचंय, म्हणून मी डाय करायचा का?

पत्र:

ताई नमस्कार. मी नाशिकची, वय ४७, मिस्टर ५२. लग्नाला २४ वर्षं झाली. गेल्या दोन वर्षांपासून ह्यांना तरुण दिसायचं वेडच लागलंय. आधी जिम, मग हेअर ट्रान्सप्लांट, आता जिमच्या ट्रेनरने सांगितलं म्हणून दर आठवड्याला कसलंतरी इंजेक्शन घेतात, विचारलं तर "ताकदीचं आहे" एवढंच सांगतात. मी मागच्या वर्षी डाय बंद केला कारण शेवटच्या वेळी कपाळ, कान सगळं सुजलं, डोळे उघडत नव्हते, डॉक्टरांनी पुन्हा लावू नका म्हणून सांगितलंय. आता माझे बरेचसे केस पांढरे आहेत. मे महिन्यात पुण्याला भाच्याचं लग्न होतं, तिथे ह्यांच्या ओळखीच्या एकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या तुमच्या मोठ्या ताई का?" आणि हे नुसते हसले, काहीच बोलले नाहीत. परत येताना संगमनेरपर्यंत गाडीत गप्प, मग म्हणाले, "बघितलंस ना, आता तरी डाय कर, हर्बल मिळतो." नंतर एका पार्लरवालीकडून चेहऱ्याला लावायचं क्रीम घेऊन आले, डबीवर नाव नाही काही नाही, पण खरं सांगते पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मुलगी पुण्याला शिकते, तीही आता तेच लावते. व्हॉट्सअॅपला आमच्या दोघांचा डीपी होता तो काढून ह्यांनी एकट्याचा लावलाय. माणूस वाईट नाहीये, व्यसन नाही, बाहेर काही भानगड आहे असंही वाटत नाही. हे कॉलेजात असतानाच सासरे अटॅकने गेले, ५३ चे होते, तेव्हापासून घराचं सगळं ह्यांनीच ओढलं. आमच्या शाळेच्या मैत्रिणींचं गेट-टुगेदर आहे पण मला जावंसंच वाटत नाही, आरशात बघितलं की नको वाटतं. डाय पुन्हा सुरू करू का? की हे असंच चालायचं म्हणून सोडून देऊ?

उत्तर:

अगं, आधी तुझ्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. डाय पुन्हा सुरू करायचा नाही. हर्बल नाही, अमोनिया फ्री नाही, काळी मेंदी नाही आणि "एकाच फंक्शनपुरता" म्हणून तर अजिबात नाही. कान-कपाळ सुजून डोळे मिटणं हे पीपीडीच्या अॅलर्जीत नेहमी दिसतं. पीपीडी म्हणजे पॅराफिनिलीनडायमाइन, काळ्या आणि गडद तपकिरी बहुतेक सगळ्या डायमध्ये हेच किंवा ह्याच्या जवळचं काहीतरी रसायन असतं, त्याच्यामुळेच रंग पक्का बसतो. ही अॅलर्जी एकदा झाली की साधारण जन्मभर राहते आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात येऊ शकते, कधी कधी घसा सुजून श्वास अडकण्यापर्यंत जातं. आणि अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं बिलकुल नसतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण पाकिटावर एक मोठ्या अक्षरात आणि दुसरं मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं म्हणून माणसं फसतात. काळी मेंदी म्हणून जी पावडर मिळते तिचंही तेच. मेंदी कधी काळी नसते गं, ती लालसर-केशरीच रंगते, पाकिटातून थेट काळा रंग आला की त्यात दुसरं काहीतरी घातलंय असं समजायचं.

मिस्टरांनी "हर्बल मिळतो" म्हटलं तेव्हा त्यांना हे माहीत नसेल, मान्य. पण तुझे सुजलेले डोळे त्यांनी बघितले होते ना. त्याच्यानंतर हे वाक्य यायला नको होतं.

दुसरं म्हणजे ते क्रीम, आणि ह्याची मला डायपेक्षा जास्त काळजी वाटतेय. आजपासून बंद, तुझं पण आणि लेकीचं पण. नाव नसलेल्या डबीतलं क्रीम पंधरा दिवसांत चेहरा उजळवतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते, जोरदार स्टिरॉइड नाहीतर पारा. पारा कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा गोरा दिसायला लागतो, पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीत साठतो. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं, अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना किडनीचा आजार झाला, तिघीही ब्यूटिशियनकडून आणलेलं एकच क्रीम लावत होत्या आणि ते मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासलं तेव्हा त्यात प्रचंड पारा निघाला. त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असेच पेशंट सापडले, लघवीतून प्रोटीन जातंय, पायाला सूज आहे आणि चौकशी केली की गोरं करणारं क्रीम. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे असल्या क्रीममध्ये पारा घालायचाच नसतो, नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो, पण बिननावाच्या डबीला नियम कोण लावणार. म्हणून तू आणि मुलगी दोघींनी लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या, डॉक्टरांना क्रीमबद्दल स्पष्ट सांगा, गरज वाटली तर ते पाऱ्याची वेगळी टेस्ट लिहून देतील. लघवीला खूप फेस येत असेल किंवा सकाळी डोळ्याखाली, घोट्याशी सूज असेल तर उद्यावर ढकलू नका. डबी फेकू नकोस, पिशवीत घट्ट बांधून ठेव, डॉक्टरांना दाखवायला लागेल. टॉवेल आणि उशीचे अभ्रे वेगळे धुऊन टाक. आणि त्यात स्टिरॉइड असेल तर बंद केल्यावर चेहरा लाल होईल, आग होईल, पुरळ येईल, तेव्हा घाबरून परत तेच लावलं जातं आणि माणूस त्यात अडकत जातो, म्हणून स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेव.

आता तुझ्या मिस्टरांकडे येते.

त्यांना तरुण दिसायचंय ह्यात मला स्वतःला काही वाईट दिसत नाही. पन्नाशीच्या माणसाने जिमला जावं, चांगला शर्ट घालावा, टक्कल पडलं म्हणून केस लावून घ्यावेत, त्यांचे पैसे आणि त्यांचं डोकं आहे. नटणं-मुरडणं फक्त बायकांनीच करावं असं कुठे लिहून ठेवलंय. पण स्वतःला तरुण दिसायचंय इथवर ते थांबलेले नाहीत, आपल्या शेजारी उभी राहणारी बाईसुद्धा तरुण दिसली पाहिजे, नाहीतर आपलं वय उघडं पडतं, असं त्यांचं झालंय. तुझे पांढरे केस हा त्यांना त्यांच्याच वयाचा पुरावा वाटतोय. आणि तिथे मी त्यांच्या बाजूने नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर काय लावावं ते त्यांनी ठरवावं, तुझ्या डोक्यावर काय लागेल ते तू ठरवायचं, आणि तुझ्या बाबतीत तर डॉक्टरांनीच ठरवून दिलंय.

त्या लग्नातला प्रसंग तू दोनच ओळींत लिहिलास पण मला वाटतं तुझं खरं पत्र तेवढंच आहे. केस, क्रीम, डीपी हे सगळं बाजूला ठेवलं तरी ते हसणं उरतंच. "नाही हो, ही माझी बायको" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? समोरचा ओशाळला असता, सॉरी म्हणाला असता, तिघंही हसला असतात आणि जेवायला गेला असतात. ते बोलले नाहीत म्हणून तू भर कार्यालयात नवरा शेजारी असताना एकटी पडलीस. त्याच्यावर आणखी घरी जाताना त्याचा दोष तुझ्याच केसांवर आला. हे लागणारच, आणि लागलं म्हणून तू हळवी-बिळवी ठरत नाहीस.

मला ह्यावरून सुकन्येची गोष्ट आठवली. च्यवनप्राशमुळे च्यवन ऋषी आपल्या सगळ्यांच्या घरात असतात, म्हातारपण गेलं आणि परत तरुण झाले एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण ती गोष्ट मुळात एका लग्नाची आहे. महाभारतात वनपर्वात येते. शर्याती राजाच्या ह्या पोरीने वारुळात चमकणारं काहीतरी दिसलं म्हणून काट्याने टोचलं, ते तपाला बसलेल्या च्यवनांचे डोळे निघाले, आणि मग त्या म्हाताऱ्याशीच तिचं लग्न लावून दिलं. (ते लग्न कसं लागलं ह्यावर माझं वेगळं भांडण आहे, ते परत कधीतरी.) पुढे अश्विनीकुमार आले, देवांचे वैद्य, देखणे, ते तिला म्हणाले ह्या थकलेल्या माणसाला सोड आणि आमच्यापैकी एकाला वर. ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले आम्ही तुझ्या नवऱ्याला तरुण करतो, पण नंतर तिघांतून तू एक निवडायचा. तिघं पाण्यात उतरले आणि बाहेर आले ते हुबेहूब सारखे, एकाच वयाचे, एकाच रूपाचे. आणि तिने तिच्या माणसाला बरोबर ओळखलं.

लोक तारुण्य परत मिळालं तेवढंच लक्षात ठेवतात. मला मात्र वाटतं की ती आधीच, तो सुरकुतलेला असतानाच, हा माझा म्हणून बसली होती, आणि नंतर तीन-तीन राजबिंड्या पुरुषांमधून तिने बोट दाखवलं ते त्याच्याचकडे. लग्नात आपल्याला जोडीदाराकडून एवढंच तर हवं असतं ना, चार लोकांत त्याने आपल्याकडे बघून ही माझी म्हणावं. तुझ्या मिस्टरांना नेमकं हेच जमलं नाही, आणि तुला त्यांच्याकडून मागायचंय तेही हेच. त्यांनी जिम सोडावी, केस काढून टाकावेत असलं काहीही तुला मागायचं नाहीये.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. "सासरे ५३ चे होते." तू ती त्यांचं कौतुक करताना लिहिलीस, घराचं सगळं त्यांनी ओढलं ह्यासाठी. पण बघ, मिस्टर आता ५२ चे आहेत. वडील ज्या वयात गेले ते वय समोर आलं की भल्याभल्यांची झोप उडते, मुलगे तर हे कुणाजवळ बोलतही नाहीत, आईजवळ नाही, बायकोजवळ तर नाहीच. वेड कधी लागलं म्हणतेस, दोन वर्षांपूर्वी, म्हणजे पन्नाशी लागली तेव्हा. मी काही त्यांच्या मनात शिरून बघितलेलं नाही, पण मला वाटतं हा माणूस सुंदर दिसायला धडपडत नाहीये, घाबरलाय. आरशात वडिलांचा चेहरा दिसायला लागला असेल. तू शेजारी पांढऱ्या केसांनी उभी राहतेस तेव्हा तुझ्यात काही खोट आहे असं त्यांना वाटत नसावं, आपले दिवस भरत आले असं वाटत असावं. ह्याने त्यांचं ते हसणं माफ होत नाही. पण तू त्यांच्याशी कसं बोलणार ते ह्याच्यावर ठरतं, म्हणून सांगितलं.

आणि म्हणूनच त्या इंजेक्शनवर गप्प बसू नकोस. नाव कळल्याशिवाय मी ठाम सांगू शकत नाही, पण जिममध्ये ताकदीचं म्हणून आठवड्याला टोचतात ते बरेचदा टेस्टोस्टेरॉन नाहीतर त्याच जातीचं काहीतरी असतं. बाहेरून ते घेत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, रक्त दाट होतं, बीपी वाढू शकतं, कोलेस्टेरॉल बिघडू शकतं. शिवाय ज्या पुरुषांना टक्कल पडायचंच आहे त्यांचे केस ह्याने आणखी लवकर गळतात, ट्रान्सप्लांटचे मागून आणलेले केस टिकतील पण आजूबाजूचे मूळचे जातील, म्हणजे एका हाताने पैसे घालून लावायचे आणि दुसऱ्या हाताने घालवायचे. हे त्यांना नक्की सांग, हृदयाचं ऐकणार नाहीत कदाचित पण केसांचं ऐकतील. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हार्टचा त्रास झालेला असेल तर मुलाचा धोका वाढलेला धरतात, हे कुठलाही हार्टचा डॉक्टर सांगेल. म्हणजे ज्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती आहे त्याच्याच दिशेने ते दर आठवड्याला एक पाऊल टाकतायत. बीपी, शुगर, लिपिड, ईसीजी, आणि सीबीसी ज्यात हिमॅटोक्रिट म्हणजे रक्त किती दाट झालंय ते कळतं, एवढं तर व्हायलाच हवं. इंजेक्शन आपल्या मनाने एकदम तोडू नये, थकवा आणि उदासी खूप येते, हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवून ते सांगतील तसं बंद करायचं. ट्रेनर हा डॉक्टर नाही.

कसं बोलायचं ते सांगते. मुलगी घरी असताना नको, रात्री झोपताना नको, गाडीत तर नकोच. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, दोघंच असाल तेव्हा. आणि आधी लग्नातलं काढ, तब्येतीचं नंतर. केसांवरून सुरुवात केलीस तर भांडण केसांवरच संपेल. असं काहीतरी म्हण, "अहो, त्या दिवशी त्यांनी ताई का म्हणून विचारलं आणि तुम्ही हसलात, मी कोण ते सांगितलं नाहीत, ते मला अजून टोचतंय. मला त्याच्यावर बोलायचंय, डायवर नाही." आणि गप्प बस. ते म्हणतील तू फार मनाला लावून घेतेस, मस्करी होती, तेव्हा लगेच रडू नकोस आणि लगेच तोडूनही बोलू नकोस, तेच वाक्य परत म्हण. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागेल. चोवीस वर्षांच्या संसारातला माणूस आहे तुझा, कधी विरघळतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, वेगळं, वडिलांचं काढ. "तुमच्या बाबांचं वय जवळ येतंय, मला भीती वाटते, आपण दोघं एकदा सगळं चेकअप करून घेऊ." तुम्ही घाबरलाय असं त्यांना म्हणू नकोस, मला भीती वाटते असं म्हण, आणि ती तुला वाटतेच आहे की. दोघांचं एकत्र करायचं म्हटलं की पुरुष तयार होतात, एकट्याला चल म्हटलं की मला काय धाड भरलीय म्हणून उडवून लावतात. तुलाही तपासणी हवीच आहे, क्रीममुळे तर आहेच पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घे. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ लाच थांबते, त्याच्या आगेमागे झोप उडते, कातडी कोरडी पडते, केस विरळ होतात, आरसा नकोसा वाटतो त्यात ह्याचाही वाटा असू शकतो आणि ह्याच्यावर उपाय आहेत, सोसत बसायची गरज नाही.

एक करू नकोस. त्यांची चेष्टा करू नकोस. "आता काय सोळा वर्षांचे व्हायचंय का" असं नणंदेसमोर, जावेसमोर, लेकीसमोर बोलायचा मोह होईल, हक्कही वाटेल कारण त्यांनी तुला दुखावलंय, पण घाबरलेल्या माणसाला हसलं की तो आणखी लपवायला लागतो, आणि आत्ता तर इंजेक्शन घेतोय एवढं तरी तुला माहिती आहे, उद्या तेही कळणार नाही.

डीपीचं मी फार मनावर घेणार नाही. दोघं बोललात तर तो आपोआप बदलेल, नाही बोललात तर बदलून घेऊनही काही उपयोग नाही.

आणि तू. तुलाही छान दिसावंसं वाटतं, पंधरा दिवसांत चेहरा उजळला हे तू "खरं सांगते" म्हणून लिहिलंस, जणू गुन्हा कबूल करतेयस. गुन्हा कसला त्यात. ४७ व्या वर्षी बाईने स्वतःवर वेळ आणि पैसे खर्च करावेत, भरपूर करावेत, फक्त ज्याने किडनी जाईल किंवा श्वास अडकेल असं काही नको. पांढरे ठेवायचे असतील तर आधी चांगल्या ठिकाणी जाऊन कट करून घे, अर्धा रंगलेला अर्धा पांढरा असा जो पट्टा राहतो तो गेला की निम्मं काम होतं. रंगच हवा असेल तर नुसती शुद्ध मेंदी आणि त्यावर शुद्ध नीळ (नीळीच्या झाडाच्या पानांची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे) असं करतात काही जणी, पण तुझ्या बाबतीत ते स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करून हो म्हटल्यावरच, आणि पुडीवर घटक म्हणून फक्त ते एकच पान लिहिलेलं असेल तरच. चेहऱ्याला सनस्क्रीन रोज लाव, घरात खिडकीशी बसत असशील तरी लाव, वय चेहऱ्यावर येतं त्यातलं बरंचसं उन्हाने येतं. ह्यातलं जे काय करशील ते तुला हवंय म्हणून कर, पुढच्या लग्नात कुणी ताई म्हणू नये म्हणून नको.

गेट-टुगेदरला जा. त्या मुलींनी तुला दोन वेण्यांमध्ये बघितलंय, त्यांच्यातही अर्ध्या जणी पांढऱ्या झाल्या असतील आणि बाकीच्या अर्ध्या डाय कुठला लावायचा ह्याच चर्चेत असतील, त्यांना पीपीडीचं सांग, खरंच उपयोग होईल कुणालातरी.

समजा तू दोन्ही वेळा नीट बोललीस आणि तरीही ते म्हणाले की डाय केल्याशिवाय मी तुला कुठे नेणार नाही, तर मग प्रश्न वेगळा होतो, तेव्हा तो डायचा किंवा तारुण्याचा राहत नाही, ते तुझ्या जिवापेक्षा स्वतःच्या दिसण्याला वर ठेवतायत असा होतो, आणि तिथे चांगल्या समुपदेशकाकडे दोघांनी जावं, ते आले नाहीत तर तू एकटीने जावंस. पण तुझ्या पत्रातला माणूस तिथपर्यंत गेलेला मला वाटत नाही. लिही मला काय झालं ते. आणि हे वाचून झालं की आधी लेकीला फोन कर, ते क्रीम तिने आज रात्रीसुद्धा लावायचं नाहीये.